गार्लंडच्या ट्रकचे डोळे

एप्रिलच्या मध्यापासून गार्लंड कॉफी ओतताना डाव्या हाताची करंगळी कपाच्या आतल्या काठाला लावून ठेवायला लागला. करंगळीच्या टोकाला गरम लागलं की तो ओतणं थांबवायचा. मी आठ दिवस लक्ष ठेवलं. कॉफी रोज काठाखाली बरोबर दीड सेंटिमीटरवर थांबत होती. सव्वीस वर्षांच्या संसारानंतर नवरा काटेकोर झाला याचं मला मनापासून कौतुक वाटलं. मी काउंटीच्या पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. मोजमाप अचूक आलं की ते कसं आलं हे विचारायचं राहून जातं, हा आमच्या धंद्यातला जुना दोष आहे.

त्याच आठवड्यात त्याने माझ्यासमोर एक अर्ज ठेवला आणि म्हणाला, तुझं अक्षर चांगलं आहे, एवढा भरून दे. या सगळ्या प्रकरणात माझा वाटा ठरला होता तो एवढाच. हे मुद्दाम नमूद करते, कारण नंतर गावात असं बोललं गेलं की गार्लंडला भरीस घातलं ते बायकोनेच.

गार्लंड हायस्कुलात मुलांना गाडी चालवायला शिकवतो. सोमवार ते शुक्रवार तो सोळा वर्षांच्या मुलांना ताशी पंचवीस मैलांच्या वर जाऊ देत नाही आणि शनिवारी स्वतः स्टोनी रनच्या ट्रॅकवर नव्वदने फिरतो. यात काही विसंगती आहे असं फक्त बाहेरगावाहून आलेल्यांना वाटतं. स्टोनी रन हा आमचा लंबवर्तुळाकार ट्रॅक. एक फेरी सहाशे चाळीस मीटरची. गावातल्या शर्यती तिथे उन्हाळाभर चालतात, पण ऑक्टोबरात वर्षातून एकदा खरी शर्यत येते, ती ट्रकची. ट्रक म्हणजे शेतावर असतो तसला पिकअप, पण आत एकच खुर्ची, भोवती लोखंडी नळ्यांचा पिंजरा आणि पुढे असं इंजिन की सुरू झालं की दुधाचा ग्लास टेबलावरून सरकतो. चालक पगारी, टीव्हीवर दिसणारे. असे छत्तीस ट्रक. मी एकदा हिशोब केला होता. ते एकामागोमाग चिकटवून उभे केले तर ट्रॅकचा एक तृतीयांशाहून थोडा कमी भाग भरून जातो. त्या उरलेल्या भागात ते दोनशे फेऱ्या एकमेकांच्या पुढे जायची खटपट करतात.

गार्लंडची इच्छा लहान होती. ही शर्यत, आपल्या ट्रॅकवर, एकदा पुरी करायची. कितवाही आला तरी चालेल, पण शर्यत संपवलेल्यांच्या यादीत नाव हवं. हे त्याने मला लग्नाआधी ॲपल पाय खाताना सांगितलं होतं. मी ते बोलण्यातलं बोलणं समजले.

अर्ज चौदा पानांचा होता. नवव्या पानावर डोळ्यांच्या तपासणीचा दाखला हवा होता. गार्लंड डॉक्टरांकडे गेला आणि बारा मिनिटांत दाखला घेऊन परत आला. एकही अक्षर चुकलं नाही म्हणाला. मी क्लिप लावून पान जोडलं.

मग ट्रक आला. एका संघाने काढून टाकलेला, मागच्या बाजूला कुठल्या तरी भिंतीची आठवण असलेला. आमच्या गाडीच्या शेडमध्ये तो दोन दिवस राहणार होता आणि सहा महिने राहिला. माझी गाडी शेजारच्या मिस ओडेसांच्या पिकानच्या झाडाखाली गेली. पिकानचं फळ टपावर पडलं तर पोचा पडत नाही, पण अनेक फळं पडली तर पडतो, हे मला सप्टेंबरात कळलं.

मिस ओडेसा एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि त्यांच्याकडे स्कॅनर आहे. या छोट्या रेडिओवर चालक आणि त्याच्या माणसांचं शर्यतीतलं सगळं बोलणं ऐकू येतं. आमच्याकडे निम्मं प्रेक्षागृह कानाला स्कॅनर लावून बसतं. मिस ओडेसांना त्यामुळे गावातल्या प्रत्येक चालकाच्या टायरमधली हवा आणि घरातली भांडणं दोन्ही ठाऊक असतात. त्या रोज कुंपणापाशी येऊन गार्लंडला मागच्या स्प्रिंगबद्दल सल्ला देत. मीटर वाचायला येणारा माणूस पुढच्या स्प्रिंगबद्दल देई. पास्टरांनी स्प्रिंगांबद्दल काही म्हटलं नाही, पण रविवारच्या प्रार्थनेत ट्रकचा उल्लेख केला, तोही नंबरासकट. दंतवैद्याने मी तोंड उघडून बसले असताना पाऊण तास गिअरविषयी सांगितलं. मला प्रतिवाद करता आला नाही.

बॉनेटवर जाहिरात हवी होती. ती मिळाली गावातल्या अंत्यसंस्कारवाल्यांची. सोनेरी अक्षरांत त्यांचं ब्रीदवाक्य आलं: 'शेवटपर्यंत आपल्यासोबत.' मी दुसरं काही सुचवून पाहिलं. गार्लंड म्हणाला, याहून चांगलं काय असतं, मला शेवटपर्यंतच तर जायचंय.

जुलैत एका रविवारी चर्चच्या मागच्या खोलीत तो खुंटीला टांगलेल्या गायकांच्या झग्याला "कसे आहात" म्हणाला. उत्तराची वाट पाहून पुढे गेला. मी तिथेच उभी राहिले आणि मला ती करंगळी आठवली.

संशय आला की प्रयोग करायचा, एवढंच मला येतं. दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेतल्या प्रिंटरवर डोळे तपासायचा तक्ता छापला. नेहमीच्या तक्त्यासारखाच, आठ ओळी, वरून खाली लहान होत जाणारी अक्षरं. फक्त अक्षरं माझी होती. तो कोठीच्या दाराला, वरच्या उघड्या दिव्याखाली लावला, वीस फूट मोजले आणि गार्लंडला म्हटलं, हे मी छापलंय, जरा वाचून दाखव. गार्लंड ताठ उभा राहिला, हात मागे घेतले आणि म्हणायला लागला, "ई. एफ, पी. टी, ओ, झेड. एल, पी, ई, डी." माझ्या तक्त्यावर पहिलं अक्षर के होतं आणि ते माझ्या तळव्याएवढं होतं. तो मात्र न अडखळता आठव्या ओळीपर्यंत गेला. त्याच्या वर्गाच्या मागच्या भिंतीवर, त्याच्या खुर्चीसमोर, बावीस वर्षं एक तक्ता टांगलेला आहे. जगातल्या बहुतेक डॉक्टरांकडे असतो तोच. तो हा तक्ता वाचत नव्हता, भिंतीवरचा पाठ म्हणत होता.

मी आभार मानले. तो म्हणाला, छपाई छान आली आहे.

पुढचे पंधरा दिवस मी आणखी मोजमापं घेतली. चर्चच्या पार्किंगमध्ये सहज म्हणून गाड्यांचे नंबर विचारले. दिवसाउजेडी त्याला ते वाचता येत. दिवसाची त्याची नजर कायद्यात बसत होती, मी तीन वेळा तपासली. पण समोर दिवा आला की संपलं. दिव्याभोवती मोठं पांढरं वर्तुळ व्हायचं आणि त्यात गाडी, झाड, माणूस सगळं विरघळायचं. हा मोतीबिंदू, वाचनालयातल्या पुस्तकावरून मी खात्री केली. उजव्या डोळ्यात पुढे गेलेला, डाव्यात नुकता सुरू झालेला. शस्त्रक्रिया पंधरा मिनिटांची. पण मग नवा दाखला, जुन्या दाखल्याबद्दल प्रश्न, शाळेत कुजबुज, आणि ऑक्टोबर गेला. गार्लंड बावन्न वर्षांचा. तो काढून टाकलेला ट्रक पुढच्या वर्षीच्या नियमांत बसणार नव्हता. नियमावली मी वाचली होती. आमच्या गटात ती वाचलेली मी एकटी होते.

त्याच सुमारास एका संध्याकाळी तो शेडमध्ये ट्रकखाली पडला होता आणि मी विजेरी धरून उभी होते. मी काही विचारलं नव्हतं.

खालून आवाज आला, "ऑक्टोबर होऊ दे, नेडीन. मग तू म्हणशील त्या डॉक्टरकडे."

"कशासाठी?"

"तुला माहीत आहे," तो म्हणाला, आणि एक पाना मागितला.

मी पाना दिला. घरी येऊन वहीत लिहिलं: शर्यत दुपारी दोनला, संपायची साडेचारला. सूर्यास्त सहा अडतीस. ट्रॅकवरचे दिवे सव्वासहाला. त्याखाली रेघ ओढून लिहिलं: दिवे लागले तर गाडी बाहेर. हा निर्णय झाला. तो गार्लंडला सांगणं एवढंच राहिलं. ते मी दुसऱ्या दिवशी न्याहारीला सांगणार होते. न्याहारीला डेल्मर आला.

डेल्मर हा गार्लंडचा चुलतभाऊ आणि त्याचा स्पॉटर. खुर्चीला आवळून बांधलेल्या चालकाला मान वळवता येत नाही, म्हणून प्रेक्षागृहाच्या छपरावर एक माणूस उभा राहतो आणि रेडिओवरून सांगतो, तुझ्या आतल्या बाजूला, म्हणजे डावीकडे, कोणी आहे, बाहेरच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे, आहे, आता मोकळं. तो स्पॉटर. डेल्मर वीस वर्षं हे काम ओरडून करत होता. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तो हरणांच्या शिकारीसाठी झाडावर मचाण बांधताना मचाणासकट खाली आला आणि त्याची टाच मोडली. छपरावर जायला एकतीस पायऱ्यांची लोखंडी शिडी आहे.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लेबर डेच्या सुट्टीच्या जेवणाला सगळे बटाट्याच्या सॅलडकडे बघत बसले असताना मी म्हटलं की स्पॉटरचं काम मी करीन.

डेल्मर माझ्याकडे बघतच राहिला. "वहिनी, तुम्ही? तुम्ही पार्किंगमध्ये गाडी लावायच्या आधी उतरून जागा मोजता."

मी म्हटलं की त्यामुळेच आजवर माझी गाडी कशाला घासलेली नाही. मिस ओडेसांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मी शांत आहे हे ठीक, पण रेडिओवर शांतता म्हणजे बिघाड समजतात. गार्लंडने सॅलडचा चमचा खाली ठेवला. तो साधारण माझ्या दिशेने बराच वेळ बघत होता.

पुन्हा अर्ज आला. 'स्पॉटर म्हणून अनुभव, वर्षांत.' मी शून्य लिहिलं. कार्यालयातून एका बाईंचा फोन आला की त्या रकान्यात शून्य चालत नाही. मी विचारलं की मग खरं असून काय उपयोग. त्या म्हणाल्या, मॅडम, काहीतरी लिहा, संगणक घेत नाही. मी दोन दिवस विचार करून लिहिलं: 'याच चालकाशेजारच्या खुर्चीत, सव्वीस वर्षे.' संगणकाने घेतलं.

सराव आम्ही शाळेच्या शिकाऊ गाडीत केला. तिला शिक्षकाच्या बाजूलाही ब्रेक असतो आणि मी त्या बाजूला बसले होते. पहिल्या दिवशी मी तो अकरा वेळा दाबला. गार्लंडचं म्हणणं असं की ट्रकमध्ये ही सोय नसणार, तेव्हा बोलण्यावर भर द्यावा. मी बोलले. "बाहेरच्या बाजूला ट्रॅक्टर, साधारण चार मीटर, अर्धा मीटर इकडे-तिकडे, कृपया थोडा आत."

तो म्हणाला, "नेडीन, तू अर्ध्या मीटरवर पोचेपर्यंत मी भिंतीत असेन."

मी आकडे सोडले. 'कृपया' मात्र मला सोडता आलं नाही. हे काम आणखी एका कारणासाठी अवघड होतं. 'मोकळं' हा शब्द शेजारचा ट्रक पूर्ण मागे पडल्यावरच उच्चारायचा, आणि पूर्ण याबाबत माझ्या कल्पना बाकीच्या जगापेक्षा कडक आहेत. डेल्मर म्हणायचा, वहिनी, तुमचं मोकळं येईस्तोवर मोकळं संपतं. मी त्याला सांगितलं की चुकीचं मोकळं आणि उशिराचं मोकळं यांत मी उशिराचं पत्करते. मनात हेही होतं की बाकीच्या स्पॉटरांच्या चालकांना उजवीकडचं निदान दिसतं तरी.

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. आणि वहीतला तो निर्णय गार्लंडला सांगायचाही राहिला होता. सप्टेंबरात मी तो चार वेळा सांगायला गेले. एकदा तो झोपला होता. एकदा तो गात होता.

शर्यतीच्या आदल्या दिवशी तपासणी झाली. तंबूत कॅमेऱ्यांचं एक यंत्र होतं, ते ट्रकचा आकार मोजून पडद्यावर दाखवत असे. आमचा ट्रक मागच्या बाजूला चार मिलिमीटर जास्त फुगलेला निघाला. गार्लंडने तिथे रबरी हातोडा मारला. मग सहा मिलिमीटर आत गेला. अधिकारी म्हणाले, नियम अमुक. मी म्हटलं, तो नियम दाराच्या पुढच्या भागाचा, हा मागचा, त्याचं कलम वेगळं आहे. अधिकाऱ्यांनी नियमावली उघडली, पाहिलं आणि मान्य केलं. वेगळ्या कलमाप्रमाणे मर्यादा आणखी कडक होती. आमच्या गटातल्या कोणीही त्यानंतर तासभर माझ्याशी बोललं नाही. तिसऱ्या खेपेला ट्रक पास झाला. अडतीस ट्रक आले होते, छत्तीस घेणार होते, आणि गार्लंड वेळेच्या चाचणीत दोन शतांश सेकंदांनी पस्तिसावा आला. डेल्मरने कुबडी हवेत उडवली, ती ट्रकवर पडली. पोचा जाहिरातीच्या 'शेवट'वर आला.

शनिवारी एक वाजून वीस मिनिटांनी पाऊस आला. जोराचा नव्हता, पण ट्रॅक भिजायला पुरला. या टायरना नक्षी नसते, ओल्यावर ते पकड घेत नाहीत. मग ट्रॅक सुकवायची यंत्रं गरम हवा सोडत गोल फिरायला लागली. मी छपरावर उभी राहून हिशोब मांडला. पावणेचारच्या आत सुरुवात झाली तर आम्ही वाचलो. तीन वाजता तिसरं वळण अजून चमकत होतं. मी एकतीस पायऱ्या उतरले आणि पिटमध्ये, म्हणजे ट्रक थांबवून टायर बदलतात त्या जागी गेले. आता सांगायचंच असं ठरवून.

गार्लंड टायरांच्या चळतीवर बसून कोबी घातलेला हॉट डॉग खात होता. इतका शांत मी त्याला लग्नातही पाहिला नव्हता. मी म्हटलं, गार्लंड, एक बोलायचं होतं. तेवढ्यात अंत्यसंस्कारवाले फोटोग्राफर घेऊन आले. त्यांनी आम्हा दोघांना बॉनेटच्या दोन्ही बाजूंना उभं केलं, मध्ये ब्रीदवाक्य. फोटो झाल्यावर गार्लंडने विचारलं, काय बोलायचं होतं? मी म्हटलं, हनुवटीला मोहरीचा सॉस लागला आहे.

शर्यत चार वाजून पन्नास मिनिटांनी सुरू झाली.

छपरावर छत्तीस स्पॉटर कठड्याला खेटून उभे असतात. मला डावीकडे टॅकेट नावाचे गृहस्थ मिळाले. तीस वर्षांचा अनुभव, पांढऱ्या मिशा. चाळीसाव्या फेरीपर्यंत ते माझ्याकडे वळले नाहीत. मग अचानक कान मोकळा करून म्हणाले, "मॅडम, तुमचा माणूस खालची लेन धरणार की वरची? माझा माणूस विचारतोय." मला तेव्हा कळलं की खाली जे चालक एकमेकांना ढकलत असतात त्यांच्या वाटाघाटी वर छपरावर अशा अदबीने होतात, शेजाऱ्यांनी कुंपणावरून गवत कापायच्या वेळा ठरवाव्यात तशा. मी गार्लंडला विचारून सांगितलं, खालची, म्हणजे आतली. टॅकेट आभार मानून म्हणाले, मग आम्ही वरून जातो. गेले. त्यांनी मला पेपरमिंटची गोळी दिली.

गार्लंड चांगला चालवत होता. हे मी बायको म्हणून लिहीत नाही, माझ्याकडे प्रत्येक फेरीची वेळ आहे. साडेसतरा सेकंद, साडेसतरा, सतरा पूर्णांक सहा. पुढे लोक आपटत होते, पिवळा झेंडा येत होता, सगळे हळू होत होते, पुन्हा सुटत होते, आणि गार्लंड कोणाला न घासता एकेक जागा वर सरकत होता. मी "बाहेर कोणी आहे, अजून आहे, अजून आहे" म्हणत होते आणि तो माझ्या उशिराच्या 'मोकळं'ची वाट बघत होता. त्याने माझ्या आवाजाशिवाय एकदाही ट्रक उजवीकडे नेला नाही. एकशे दहाव्या फेरीला तो एकविसावा होता. खाली डेल्मर रेडिओवर रडत होता, त्याला कोणीतरी बटण सोडायला सांगितलं.

पण प्रत्येक पिवळा झेंडा आठ-दहा मिनिटं खातो, आणि सूर्य झेंडे पाळत नाही.

सव्वासहाला, एकशे अठ्ठेचाळिसाव्या फेरीला, दिवे लागले.

पुढच्याच फेरीला तो तिसऱ्या वळणावर उशिरा वळला. सगळे जिथे वळतात तिथे भिंतीवर एक पांढरा पट्टा आहे. गार्लंड दीडशे फेऱ्या त्या पट्ट्यापाशी वळत आला होता, आता अर्ध्या ट्रकइतका पुढे जाऊन वळला. त्यापुढच्या फेरीला पूर्ण ट्रकइतका. फेरीची वेळ मात्र वाढली नाही. तो आवाजावर आणि सवयीवर चालवत होता, वर्गातल्या तक्त्यासारखा ट्रॅक पाठ म्हणत होता. मी वळणं मोजून सांगायला लागले. "आता. वळ. कृपया वळ." तो वळत होता. एकोणिसावा झाला.

टॅकेट माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, तुमचा माणूस दिवे लागल्यापासून पट्टा चुकतोय."

मी म्हटलं, "हो."

"माझा माणूस त्याच्या मागेच आहे. मी त्याला जरा लांब राहायला सांगतो." आणि त्यांनी तसं सांगितलं. माझ्या तोंडात त्यांची दुसरी गोळी होती, ती विरघळेना.

एकशे एकोणसाठाव्या फेरीला पुढे दोन ट्रक एकमेकांत अडकले आणि पिवळा झेंडा आला. सगळे हळू फिरायला लागले. या वेळी ज्याला टायर बदलायचे तो आत पिटमध्ये येतो, बाकीचे बाहेर राहतात. एक्केचाळीस फेऱ्या उरल्या होत्या.

रेडिओवर गार्लंडचा आवाज आला. दमलेला नव्हता. आनंदी होता. "नेडीन, मी कितवा आहे गं? बोर्डवर काय आहे?"

बोर्ड त्याच्या अगदी समोर होता. तो मागच्या सरळ पट्टीवरून येत होता आणि बोर्ड दिव्यांच्या खांबांमध्ये उभा होता. त्यावरचा प्रत्येक आकडा माणसाच्या उंचीचा आहे. तो गावाच्या पाणीटाकीवरून मला वाचता येतो.

मी म्हटलं, "एकोणिसावा."

"एकोणिसावा," तो म्हणाला. तो हसला, ते मला स्पष्ट ऐकू आलं.

लगेच पिटमधून डेल्मर, "वहिनी, तो येतोय का बाहेर राहतोय? टायर काढून ठेवू का? सांगा लवकर, दोन वळणं राहिलीत."

मी बटणावर बोट ठेवलं. खाली सी विभागात मिस ओडेसा बसल्या होत्या, त्यांचा स्कॅनर त्या दोन्ही हातांनी कानाशी धरून होत्या. त्यांच्या मागच्या रांगेत आमच्या चर्चची मंडळी, सगळ्यांच्या कानांत तारा. उजवीकडे शाळेचे मुख्याध्यापक, पत्नीसह, एका स्कॅनरचे दोन कान दोघांत वाटून. त्यांच्यासमोर रेडिओवर 'तुला दिसत नाहीये' हे तीन शब्द उच्चारले की सोमवारी गार्लंडला वर्गात कोणत्या तोंडाने जायचं ते मला माहीत होतं. खोटं सांगायचं तर इंजिन गरम झालंय, तेल गळतंय, असं सांगता येत होतं. गार्लंडसमोरच इंजिनाच्या तापमानाचा काटा आहे, पण आता तो काटाही त्याला माझ्याकडूनच कळला असता. तेच मला करवत नव्हतं. जो माणूस दोनशे फेऱ्या माझ्या शब्दावर उजवीकडे सरकायला तयार आहे, त्याला मी आज एक खोटा शब्द दिला तर आधीच्या सगळ्या 'मोकळं'चं काय.

आणि गप्प राहिले असते तर एक्केचाळीस फेऱ्या होत्या. कदाचित त्याने त्या पाठ म्हणून संपवल्याही असत्या. पस्तीस दुसरे लोक त्या पाठांतरात फिरत होते. टॅकेटचा माणूस बावीस वर्षांचा होता, त्याची आई शिडीच्या पायथ्याशी उभी होती.

"वहिनी?" डेल्मर म्हणाला. "एकच वळण राहिलंय."

"नेडीन?" गार्लंड म्हणाला. "आहेस ना?"

टॅकेटनी आपला रेडिओ खाली केला आणि ते दुसरीकडे बघायला लागले. गार्लंडचा ट्रक चौथ्या वळणातून बाहेर येत होता, दिव्यांच्या थेट समोर, बाकीच्यांच्या रेषेपेक्षा बराच बाहेर. मी बटण दाबलं. सोडलं. पुन्हा दाबलं.

"गार्लंड, आत ये," मी म्हटलं. "टायर नकोत. इंजिन बंद कर आणि उतर. मला आता बघवत नाही."